व्याह्यांच्या जिन्यातला फोटो

देवानं चेहरे वाटले त्या दिवशी अण्णा बहुधा रांगेत सगळ्यात शेवटी उभे असावेत, आणि एखाद्या फौजदारासाठी बाजूला काढून ठेवलेला चेहरा चुकून त्यांच्या पदरात पडला असावा. भुवया जाड, आणि संधी मिळाली की एकमेकींना भेटायला निघालेल्या. कपाळावर कायमच्या आठ्या. ओठांची टोकं खाली वळलेली. आणि या सगळ्याच्या आत माणूस असा, की घरात शिरलेलं झुरळसुद्धा वर्तमानपत्रावर घेऊन, त्याला जपून खिडकीबाहेर पोचतं करणार आणि वर ते नीट गेलं का हे वाकून बघणार. पण झुरळं कुणाला जाऊन सांगत नाहीत.

अण्णा पाणीपुरवठा कार्यालयात तक्रारींच्या खिडकीवर बसत. लोक तणतणत येत, काहीजण पुरावा म्हणून रिकामी बादली घेऊन येत. खिडकीशी वाकले की आत अण्णांचा चेहरा दिसे, आणि भल्याभल्यांचा आवाज बसे. "नाही म्हणजे... तसं येतंय पाणी. बारीक येतंय, पण येतंय," असं म्हणून बादलीवाला बादली पाठीमागे लपवी. अण्णांनी पेनाचं टोपण काढून तक्रार लिहून घ्यायची तयारी केलेली असे, ती तशीच राही. त्यांना मनापासून वाईट वाटे, आणि वाईट वाटलं की आठ्या अजून वाढत, मग मागचा माणूस रांगेतूनच परत फिरे. कार्यालयात त्यांना पाठीमागे 'एरंडेल' म्हणत. साहेब मात्र या चेहऱ्यावर जीव टाकत. अण्णांनी दुसऱ्या टेबलावर बदली मागितली की साहेब म्हणत, "अहो, तुम्ही आहात म्हणून या शहराला पाण्याचा त्रास नाही."

आता या चेहऱ्याची एक गंमत होती, आणि पुढचं सगळं रामायण तिच्यामुळेच घडलं, म्हणून ती आधीच सांगून टाकतो. अण्णांना आनंद झाला की त्यांच्या भुवया गच्च जुळत, नाकपुड्या फुगत, कान लालबुंद होत आणि माणूस आता कुणाला तरी मारणार असं वाटे. आणि एखादी गोष्ट नकोशी झाली, पण तसं तोंडावर म्हणता येत नसलं, की ते हसत. चांगले बत्तिशी दाखवून. अण्णांच्या पत्नीच्या, म्हणजे वहिनींच्या बहिणीचे यजमान, अण्णांचे साडू, गाणारे होते. ते दरवेळी जेवणं झाली की डोळे मिटून सुरू करत, आणि शेवटी एक डोळा उघडून विचारत, "कसं वाटलं?" त्या वेळी अण्णांचं जे हसू फुलायचं, तसं ते आपल्या लग्नातही हसले नव्हते. लग्नात ते इतके खूश होते की फोटोत त्यांना पकडून आणल्यासारखं दिसतं.

लेक झाली तेव्हा तर कहर झाला. दवाखान्यातल्या नर्सनं दुपट्यात गुंडाळलेलं बाळ बाहेर आणलं. अण्णांनी ते गाठोडं पाहिलं आणि त्यांच्या आनंदाला पारावार राहिला नाही. नर्सनं बाळ चटकन छातीशी ओढून घेतलं आणि भर व्हरांड्यात त्यांना झापलं, "मुलगी झाली म्हणून असं तोंड करायचं? लाज नाही वाटत?" अण्णांनी खाली मान घालून सगळं ऐकून घेतलं आणि मग नर्सला पेढे... नव्हे, स्वतःचा स्वेटरच देऊन टाकला, कारण हातात दुसरं काही नव्हतं.

तीच ही लेक. सगळे तिला ठमी म्हणत. ठमी मोठी झाली, शिकली, नोकरीसाठी लांबच्या एका थंड देशात गेली आणि तिथल्याच एका मुलाशी तिनं लग्न ठरवलं. मुलगा गुणी होता. अण्णांना ही बातमी फोनवर कळली, आणि त्यांचा चेहरा बघून दूधवाला दूध न मोजताच निघून गेला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग व्याह्यांकडून फोटो आला.

झालं असं, की विहीणबाईंना घराच्या जिन्यात सगळ्या नातेवाइकांचे फोटो लावायची हौस होती. खालपासून वरपर्यंत भिंतभर माणसं. लग्नाआधी अण्णा आणि वहिनींचाही फोटो त्यांना तिथं हवा होता, आणि रीतीला धरून आधी त्यांनी आपला पाठवला होता. वहिनींनी तो मोबाइलवर उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिला. व्याही, विहीण, जावई, तिघंही कॅमेऱ्याकडे अशी बघत होती जणू कॅमेऱ्यानं त्यांचं काहीतरी चोरलंय. हसू तर लांबच, ओठसुद्धा शिवल्यासारखे.

"अहो, ही माणसं रागावलीत की काय?" वहिनी म्हणाल्या.

अशा प्रसंगी बिल्डिंगमधलं हक्काचं माणूस म्हणजे तळमजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर. चेहऱ्यावरून स्वभाव ओळखण्याचं शास्त्र त्यांना अवगत होतं, असं ते स्वतः सांगत. रुंद कपाळ म्हणजे हट्टी, पातळ ओठ म्हणजे चिक्कू, कानाची पाळी चिकटलेली असेल तर पाहुण्यांना चहा मिळणं कठीण. मागे एकदा त्यांनी एका फेरीवाल्याचा चेहरा बघून 'हा सज्जन आहे' असं जाहीर केलं होतं आणि तो सज्जन त्यांचीच छत्री घेऊन गेला होता. पण त्यात शास्त्राची चूक नव्हती, उजेड कमी होता.

हेडमास्तरांनी फोटो जवळ धरला, लांब धरला, चष्मा काढून पाहिला. मग व्याह्यांच्या चेहऱ्यावर बोट ठेवून म्हणाले, "या माणसानं आयुष्यात कुणालाही क्षमा केलेली नाही."

वहिनींची पाचावर धारण बसली. "आणि विहीणबाई?"

"त्या याच्याही वरताण."

पहिल्या मजल्यावरचे विमावाले तेवढ्यात आले होते. ते कुठंही तेवढ्यातच येत. त्यांनी फोटो पाहिला, मग अण्णांकडे पाहिलं, आणि खाकरून म्हणाले, "अण्णा, राग मानू नका. पण तिकडे हे असे, आणि त्यांच्या शेजारी तुमचा हा असा फोटो लागला, तर त्या जिन्यात पोरीनं वावरायचं कसं?"

हे वाक्य अण्णांच्या काळजात घुसलं. वहिनींना त्यांच्या चेहऱ्याची लिपी वाचता येत होती, ठमीला येत होती. पण परक्या देशातल्या त्या दोन माणसांना कुठून येणार? ती म्हणणार, या पोरीच्या बापाला लग्नच पसंत नाही. मग पोरीकडे वाकड्या नजरेनं बघणार. आणि ठमी रोज तो जिना चढणार, उतरणार. नर्सनं झापलं ते अण्णांनी सोसलं होतं, पण आपल्या चेहऱ्याची झळ लेकीला लागावी हे त्यांना सोसणार नव्हतं.

"हसरा फोटो काढू," अण्णा म्हणाले. "त्यात काय मोठंसं?"

पुढचे काही आठवडे त्यात काय मोठंसं हे त्यांना कळत गेलं.

शिकवणीची जबाबदारी विमावाल्यांनी घेतली. त्यांचं स्वतःचं हसू दार उघडण्याआधीच दाराबाहेरून जाणवे. "हसू पोटातून आलं पाहिजे," ते आरशासमोर अण्णांना उभं करून सांगत. "म्हणा, ईऽऽ." अण्णा "ईऽऽ" म्हणत. आरशात दिसणाऱ्या माणसाचं त्या वेळी बहुधा कुणीतरी दाराच्या फटीत बोट चिमटवत असे. हेडमास्तर खुर्चीत बसून गालाच्या स्नायूंवर देखरेख करत. "डावा गाल मागे पडतोय," ते म्हणत. "डाव्याला जरा दामटा." जबडा एकदा असा अडकला की अण्णांना संध्याकाळचा चहा वहिनींनी चमच्यानं पाजला.

"सराव कमी पडतोय," विमावाल्यांनी निदान केलं. "दिवसभर हसत राहा. कार्यालयातसुद्धा."

अण्णा सरळ माणूस. हसत राहा म्हटलं, राहिले. पहिल्या दिवशी एक बाई नळाची तोटी हातात घेऊन खिडकीशी आल्या, त्यांनी आत पाहिलं आणि दचकल्या. पण मग त्यांनी तक्रार सांगितली. सांगितली म्हणजे काय, सविस्तर सांगितली, वर शेजारणीचीही सांगितली. अण्णांनी ती लिहून घेतली. बाईंनी बाहेर जाऊन ही बातमी फोडली, की खिडकीवरचा माणूस बदललाय. दुसऱ्या दिवसापासून रांग जिन्यापर्यंत गेली. वर्षानुवर्षं ज्यांनी मूग गिळून पाणी भरलं होतं ते सगळे बोलते झाले. कुणाचं पाणी गढूळ, कुणाचं अवेळी, कुणाच्या नळातून नुसतीच हवा. तक्रारी लिहून लिहून अण्णांचं मनगट सुजलं. साहेबांच्या टेबलावर कागदांचा असा डोंगर झाला की पलीकडून साहेब दिसेनात.

साहेबांनी अण्णांना आत बोलावलं. "हे काय चालवलंय?"

"काही नाही, साहेब," अण्णा म्हणाले, आणि सराव चालूच असल्यामुळे हसले.

साहेबांना वाटलं हा आपली टर उडवतोय. त्यांनी तिथल्या तिथं मेमो दिला: कामकाजाच्या वेळेत विनाकारण हसून कार्यालयाच्या कामावर ताण आणल्याबद्दल आपला खुलासा सादर करावा. अण्णांच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा पहिला मेमो. तोही हसल्याबद्दल. घरी येऊन त्यांनी तो वहिनींपुढे ठेवला आणि म्हणाले, "एरंडेल म्हणायचे तेव्हा बरं होतं. निदान लेखी नव्हतं."

तरीही एका रविवारी लवाजमा स्टुडिओत गेला. अण्णा इस्त्रीच्या शर्टात, वहिनी ठेवणीतल्या साडीत, हेडमास्तर आणि विमावाले सल्लागार म्हणून. फोटोग्राफर तरुण होता, लग्नांचे फोटो काढून काढून कंटाळलेला. त्यानं दिवे लावले, अण्णांना स्टुलावर बसवलं. वहिनी पहिल्या फटक्यात छान हसल्या. अण्णांनी "ईऽऽ" केलं. फोटोग्राफरनं कॅमेरा खाली घेतला.

"काका, दात नका दाखवू. मनातून हसा. एखादी आनंदाची आठवण काढा. आयुष्यातला सगळ्यात आनंदाचा दिवस."

अण्णांनी प्रामाणिकपणे डोळे मिटले. दवाखान्याचा तो व्हरांडा आठवला. दुपटं आठवलं. त्यातून बाहेर आलेली, काडीएवढी बोटं असलेली मूठ आठवली. त्यांनी डोळे उघडले, आणि फोटोग्राफर दोन पावलं मागे सरून दिव्याच्या वायरीत अडखळला.

"काका, पटत नसेल तर राहू द्या," तो दबक्या आवाजात म्हणाला. "पैसे नकोत मला. पण असं बघू नका."

हेडमास्तरांनी हात टेकले. विमावाले घड्याळ बघू लागले. अण्णा स्टुलावर मान खाली घालून बसले. "माझ्यानं नाही व्हायचं," ते हळूच म्हणाले. "तुझा एकटीचाच पाठव. म्हणावं, बाप कामात होता."

नवऱ्याला असा खचलेला बघून वहिनींना भडभडून आलं. संसार इतका मुरलेला, की त्या माणसाचं कुठलं बटण कुठं आहे हे त्यांना अंधारातही सापडलं असतं. त्या वाकून अण्णांच्या कानात म्हणाल्या, "अहो, आनंदाचं काय आठवता? नावडतं काहीतरी आठवा. तुमचे साडू गातायत. डोळे मिटून गातायत. आता संपत आलंय. आता एक डोळा उघडलाय..."

अण्णांच्या चेहऱ्यावर हसू उमललं. ओठांची टोकं वर गेली, दात चमकले, गालाला खळीसारखं काहीतरी पडलं. फोटोग्राफरनं झटपट बटण दाबलं. फोटो असा आला की टूथपेस्टच्या जाहिरातीत खपला असता. विमावाल्यांनी तो पाहून अण्णांना कडकडून मिठी मारली. हेडमास्तर म्हणाले, "शास्त्राप्रमाणे हा माणूस दिलदार, मोकळा आणि पोरीवर जीव टाकणारा आहे." सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. फोटो थेट ठमीच्या सासरी गेला.

आणि मग तिकडून चिडीचूप. ना 'आवडला', ना 'मिळाला'. शेवटी ठमीचा फोन आला. आवाज रडून बसलेला.

"अण्णा, मला आधी का नाही सांगितलंत?"

"काय गं?"

"तुम्हाला हे लग्न पसंत नाही ते."

अण्णांनी सगळ्यांना ऐकू जावं म्हणून फोन स्पीकरवर टाकला. "कोण म्हणतं असं?"

"कोण कशाला म्हणायला हवं? गाणाऱ्या काकांच्या वेळचं हसू आहे ते! मी ओळखत नाही होय?" ठमी हुंदका देत म्हणाली. "आणि मी एकटी नाही. मी आल्या आल्या इथं सगळ्यांना सांगून ठेवलंय, आमच्या अण्णांच्या चेहऱ्यावर जाऊ नका. ते खूश झाले की खवळल्यासारखे दिसतात, आणि हसले की समजा काहीतरी बिनसलंय. सासूबाईंनी पाठ करून ठेवलंय ते. त्यांनी फोटो हातात घेतला आणि मटकन खालीच बसल्या. म्हणाल्या, तुझे वडील तर सगळे दात दाखवतायत!"

जी लिपी फक्त घरात वाचली जाते असं अण्णा समजत होते, ती पोरीनं परक्या देशात जाऊन आधीच शिकवून ठेवली होती.

"आणि तुझे सासरे?" वहिनींनी मधेच विचारलं. "ते तर फोटोत किती रागात आहेत!"

"रागात? आई, इथं कुणी अनोळखी माणसाकडे बघून हसतच नाही. हसणारा एकतर डोक्यानं सरकलेला, नाहीतर काहीतरी विकायला आलेला, असं समजतात. अण्णांचा फोटो बघून सासऱ्यांनी मला विचारलं, तुझे वडील विमा वगैरे विकतात का?"

हे ऐकून शेजारी बसलेल्या विमावाल्यांचं हसू मावळलं. बिल्डिंगमध्ये ते मावळलेलं प्रथमच कुणी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर समोरासमोर बोलायचं ठरलं. विहीणबाईंना स्वतःच्या डोळ्यांनी खात्री करायची होती. मुलीच्या बापाच्या मनाविरुद्ध लग्न नको, असं त्यांनी साफ सांगितलं होतं. म्हणजे आता सगळं अण्णांच्या चेहऱ्यावर येऊन ठेपलं. अण्णा सकाळपासून आरशासमोर आठ्या घालत होते. पण आठवडेच्या आठवडे ईऽऽ करून चेहऱ्याचं यंत्र बिघडलेलं. भुवया जुळायला जाव्यात तर ओठ फाकत, ओठ आवळावेत तर डावा गाल वर जाई. जन्मभर जो चेहरा नको नको म्हणत वागवला, तो ऐन गरजेच्या वेळी बेपत्ता.

पडद्यावर तिकडची मंडळी दिसली. व्याही मधोमध, दगडासारखे. विहीणबाई डोळे अण्णांवर रोखून. ठमी त्या दोघांच्या मागे उभी, डोळे सुजलेले. विहीणबाई काहीतरी बोलल्या.

"त्या विचारतायत," ठमी म्हणाली, "मुलगा खरंच पसंत आहे का?"

"आहे! अगदी पसंत आहे!" अण्णा म्हणाले. आणि घाबरून हसले.

विहीणबाईंचा चेहरा उतरला.

"देवाशप्पथ पसंत आहे गं!" अण्णा कळवळून म्हणाले, आणि जितके कळवळले तितके दात बाहेर आले. कॅमेऱ्यात न दिसणाऱ्या कोपऱ्यातून हेडमास्तर कुजबुजत होते, "आठ्या! आठ्या घाला!" आणि विमावाल्यांना सवयीनं राहवत नव्हतं, ते खुणेनं "हसा, हसा" करत होते. वहिनींनी दोघांना डोळ्यांनी दटावलं. ठमीनं तोंडावर हात धरला. ती रडायच्या बेताला आली होती, आणि अण्णा समोर बसून, लेकीचं वाटोळं होताना बघत, हसत होते.

तेवढ्यात पडद्याच्या कडेनं जावई आत आला. उंच, लाजरा मुलगा. आईच्या खांद्यावर हात ठेवून तो कॅमेऱ्यापुढे वाकला. ओठ दोनदा हलले, शब्द जुळवत असावा. मग एकेक अक्षर जपून ठेवत तो म्हणाला, "अण्णा, जेवलात का?"

ठमी लहानपणापासून रोज, अण्णा कार्यालयातून आले की हेच विचारायची. परदेशातून फोन केला की आधी हेच. परक्या मुलखातल्या त्या मुलानं ते तिच्याकडून ऐकलं होतं, घोकलं होतं, आणि सगळं बिघडत असताना त्याला बोलायला दुसरं काही न सुचून तेच त्यानं पुढे केलं होतं.

अण्णांचे ओठ मिटले. नाकपुड्या फुगल्या. भुवया एकमेकींवर धावून गेल्या आणि गच्च जुळल्या. कान मुळापासून लाल होत शेंड्यापर्यंत पेटले. हनुवटी थरथरली. असा भयंकर चेहरा त्यांनी दवाखान्याच्या त्या व्हरांड्यानंतर केला नव्हता. विमावाले नकळत खुर्चीच्या मागे गेले.

आणि पलीकडे विहीणबाईंनी आनंदानं किंकाळी फोडली. टाळ्या वाजवत त्या नवऱ्याला गदागदा हलवू लागल्या, पडद्याला बोट लावून अण्णांचे कान दाखवू लागल्या. ठमी रडत रडत हसत होती. "जेवलो रे," अण्णा गुरगुरले. "तू जेवलास का?"

व्याह्यांनी मात्र काहीच केलं नाही. ते तसेच, दगडासारखे अण्णांकडे बघत राहिले. मग त्यांनी सावकाश खिशातून रुमाल काढला आणि चेहऱ्यावरची एक रेषही न हलवता डोळे पुसले.

अण्णांनी ते पाहिलं.

जिन्यात शेवटी त्याच क्षणाचा फोटो लागला. विहीणबाईंनी तो पडद्यावरूनच टिपला होता: शेजारी हसणाऱ्या वहिनी, आणि मधे लाल कानांचे अण्णा. ठमी सांगते, नवे पाहुणे जिना चढताना त्या फोटोपाशी थबकतात आणि आवाज खाली आणतात. हसरा फोटो वहिनींनी साडूंना भेट दिला. साडूंनी तो पेटीवर ठेवलाय. कार्यालयातली रांग चेहऱ्यासोबतच ओसरेल असं साहेबांना वाटत होतं, पण लोकांना आता सवय लागली होती. ते अण्णांच्या आठ्यांकडे न बघता तक्रारी सांगत राहिले, आणि अण्णा लिहून घेत राहिले.

व्याह्यांचा तो पहिला फोटो अण्णांनी मोठा करून आपल्या खुर्चीसमोर लावलाय. परवा हेडमास्तर आले होते. त्यांनी पुन्हा एकदा चष्मा काढून व्याह्यांना न्याहाळलं आणि मान हलवली. "काही म्हणा अण्णा, शास्त्र ते शास्त्र. हा माणूस भयंकर रागीट."

"आयुष्यभर बालवाडीत शिकवत होते ते," वहिनी म्हणाल्या. "मुलं अंगाखांद्यावर खेळायची त्यांच्या."

"उजेड कमी आहे," हेडमास्तर म्हणाले.

अण्णा उठले, खिडकीचा पडदा सरकवला आणि फोटोसमोर येऊन उभे राहिले. समोरच्या आठ्यांकडे बघून त्यांच्याही भुवया हळूहळू जवळ आल्या.

"नीट बघा हो," ते म्हणाले. "मुलाचं लग्न ठरलंय. आनंद मावत नाहीये बिचाऱ्याच्या चेहऱ्यावर."